साठवलेल्या पासवर्डचा बिघाड (सर्व्हर बॅकअप)

सर्व्हर बॅकअपमधील साठवलेल्या पासवर्डचा बिघाड म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या बॅकअप आज्ञावलीला, तिच्यापाशी आधीच नोंदवून ठेवलेला परवलीचा शब्द (पासवर्ड) वापरूनही डेटाबेस, दूरचा संगणक किंवा बॅकअपचा कूटबद्ध साठा उघडता न येणे होय. सर्व्हरच्या देखभालीत हा दोष वारंवार आढळतो. त्याची कारणे बहुधा साधी असतात. मात्र बॅकअप रात्री, कोणी समोर नसताना चालतो आणि त्याची प्रत्यक्ष गरज क्वचितच पडते, त्यामुळे हा बिघाड कित्येक दिवस किंवा महिने लक्षात न येता राहू शकतो.

पासवर्ड चुकीचा असणे हे या बिघाडाचे एकमेव कारण नव्हे. पुष्कळदा पासवर्ड सर्व्हरपर्यंत पोहोचलेलाच नसतो, कधी वाटेत त्याचे रूप बदललेले असते, तर कधी अचूक पासवर्ड मिळूनही सर्व्हर अन्य कारणाने प्रवेश नाकारतो. या तीन स्थितींचे उपाय वेगवेगळे असल्याने त्यांतील नेमकी कोणती उद्भवली आहे, हे ओळखणे निदानाचा मुख्य भाग ठरतो.

पार्श्वभूमी

माणूस सर्व्हरवर प्रवेश करतो तेव्हा पासवर्ड त्याच्या स्मरणात असतो. स्वयंचलित आज्ञावलीला स्मरण नसते. तिला तो कोठेतरी लिहून द्यावा लागतो. प्रवेश देणारा सर्व्हर सहसा मूळ पासवर्ड साठवत नाही, त्यापासून काढलेला हॅश साठवतो. हॅशवरून मूळ शब्द मिळवणे अत्यंत कठीण असते. बॅकअप आज्ञावली मात्र पासवर्ड सादर करणाऱ्या बाजूला असते, त्यामुळे तिच्याजवळ तो मूळ रूपात किंवा मूळ रूपात परत आणता येईल अशा रीतीने असणे अपरिहार्य आहे. तो कूटबद्ध करून ठेवला, तरी कूट उलगडण्याची किल्ली त्याच यंत्रावर कोठेतरी असावी लागते. उदाहरणार्थ, मायएसक्यूएलच्या ५.६ आवृत्तीपासून उपलब्ध असलेली 'डॉट-मायलॉगिन-सीएनएफ' ही फाईल वाचल्यास पासवर्ड उघड दिसत नाही. तथापि हे केवळ अस्पष्टीकरण असून जाणकार हल्लेखोराला ते रोखू शकत नाही, असे त्या प्रणालीच्या अधिकृत दस्तऐवजातही नमूद आहे.

साठवलेला पासवर्ड ही मूळ पासवर्डची प्रत असते. मूळ बदलले की प्रत आपोआप बदलत नाही, आणि ज्या परिस्थितीत ती तयार केली गेली त्याच परिस्थितीत ती दरवेळी वाचली जाईल याचीही खात्री नसते. या लेखात वर्णिलेले बहुतेक बिघाड या दोन गोष्टींतून उद्भवतात.

बॅकअपमध्ये दोन प्रकारचे पासवर्ड गुंतलेले असतात, हे ध्यानात घेणे आवश्यक आहे. पहिला स्रोताचा, म्हणजे ज्या डेटाबेसची किंवा संगणकाची प्रत घ्यायची त्याचा. दुसरा साठ्याचा, म्हणजे घेतलेली प्रत ज्याने कूटबद्ध केली जाते तो. पहिला हरवल्यास प्रशासक नवा देऊ शकतो. दुसरा हरवल्यास आधी घेतलेल्या सर्व प्रती निरुपयोगी होतात. दोहोंना रोजच्या बोलण्यात 'बॅकअपचा पासवर्ड' असेच म्हटले जात असल्याने हा फरक अनेकदा दुर्लक्षिला जातो.

त्रुटी-संदेशांवरून वर्गीकरण

मायएसक्यूएलमध्ये प्रवेश नाकारला गेल्यास १०४५ क्रमांकाची त्रुटी दिसते. संदेशाच्या शेवटी कंसात 'यूझिंग पासवर्ड : यस' किंवा 'यूझिंग पासवर्ड : नो' असे शब्द असतात, व निदानासाठी तेच सर्वांत मोलाचे असतात. 'नो' असेल तर सर्व्हरकडे कोणताही पासवर्ड आलेला नाही. अशा वेळी पासवर्ड बदलून पाहणे व्यर्थ होय. तो ज्या फाईलमध्ये आहे ती वाचली का गेली नाही, याचा शोध घ्यावा लागतो. 'यस' असेल तर काहीतरी पोहोचले आहे. ते नेमके काय होते, हे मात्र संदेशावरून कळत नाही.

पोस्टग्रेसक्यूएलमध्येही हा भेद दिसतो. पासवर्ड पुरवलाच गेला नसेल तर 'नो पासवर्ड सप्लाइड' असा मजकूर येतो, आणि पुरवलेला पासवर्ड मान्य झाला नसेल तर 'पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड' असा. यांतील दुसरा संदेश मुद्दामच मोघम ठेवलेला आहे. खाते अस्तित्वात नसणे, पासवर्ड चुकीचा असणे व पासवर्डची मुदत संपलेली असणे या तिन्ही स्थितींत बाहेरच्याला एकच उत्तर मिळते, जेणेकरून अनोळखी व्यक्तीला खात्यांविषयी माहिती मिळू नये. खरे कारण सर्व्हरच्या स्वतःच्या लॉगमध्ये तपशिलाच्या ओळीत लिहिलेले असते. केवळ बॅकअप आज्ञावलीचा लॉग वाचून कारण ठरवू पाहणाऱ्याची येथे दिशाभूल होते.

पासवर्ड न पोहोचणे

युनिक्स-सदृश प्रणालींवर नियोजित कामे बहुधा 'क्रॉन' या सेवेमार्फत चालवली जातात. प्रशासक स्वतः आज्ञा देतो तेव्हा बॅकअप व्यवस्थित होतो आणि क्रॉनमधून तोच अयशस्वी ठरतो, अशी तक्रार सर्वपरिचित आहे. क्रॉन आज्ञा चालवताना वापरकर्त्याची नेहमीची प्रवेश-प्रक्रिया पार पाडत नाही. शेलच्या आरंभीच्या फाईलींमध्ये घोषित केलेली एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल त्याला मिळत नाहीत, आज्ञा शोधण्याचे मार्ग मोजकेच असतात आणि शेलदेखील बहुधा साधा 'एसएच' असतो. पासवर्ड अशा व्हेरिएबलमध्ये ठेवलेला असल्यास तो क्रॉनपुरता अस्तित्वातच नसतो. परवलीच्या वाक्याने संरक्षित केलेली एसएसएच किल्लीही याच कारणाने निकामी ठरते. दिवसा ती 'एसएसएच-एजंट'ने उघडून ठेवलेली असते, परंतु त्या एजंटपर्यंत जाण्याचा पत्ता क्रॉनच्या कामाला ठाऊक नसतो.

दुसरे नेहमीचे कारण म्हणजे खात्यातील बदल. पोस्टग्रेसक्यूएलची 'डॉट-पीजीपास' ही फाईल आज्ञा चालवणाऱ्या खात्याच्या होम डिरेक्टरीत शोधली जाते. प्रशासकाने ती स्वतःच्या खात्यात तयार केली आणि काम रूटच्या किंवा स्वतंत्र बॅकअप-खात्याच्या क्रॉनमध्ये नोंदवले, तर ती सापडणार नाही. फाईलचा पूर्ण मार्ग 'पीजीपासफाईल' या व्हेरिएबलद्वारे कामाच्या आज्ञेतच सांगितल्यास हा संभ्रम टळतो.

फाईल सापडली तरी ती वाचली जाईलच असे नाही. डॉट-पीजीपासवरील परवानगी ०६०० किंवा त्याहून कडक नसेल, म्हणजे गटाला वा इतरांना ती वाचता येत असेल, तर युनिक्स-सदृश प्रणालींवर पोस्टग्रेसक्यूएल ती संपूर्ण फाईल दुर्लक्षित करते. एक इशारा छापला जातो. पण क्रॉनच्या कामाचे उत्पादन कोणी पाहत नसेल तर तो वाया जातो. सर्व्हर नव्या यंत्रावर हलवताना फाईली परवानगी न राखता उतरवल्या गेल्या, की हा बिघाड हमखास उद्भवतो. विंडोजवर अशी तपासणी होत नाही. मायएसक्यूएलचा दंडक याहून वेगळा आहे. त्याची साधी पर्याय-फाईल सर्वांना लिहिता येत असेल तर ती नाकारली जाते, सर्वांना वाचता येत असली तरी मात्र स्वीकारली जाते. सुरक्षिततेच्या दृष्टीने पोस्टग्रेसक्यूएलची पद्धत अधिक योग्य मानावी लागेल, जरी तीच अधिक बॅकअप बंद पाडते.

पासवर्ड न मिळाल्यास काही आज्ञा तो विचारत थांबून राहतात. रात्री उत्तर देणारे कोणी नसल्याने काम अडकते आणि दुसऱ्या रात्रीचे काम त्याच्यामागे अडते. पोस्टग्रेसक्यूएलच्या 'पीजी-डम्प' या आज्ञेला पासवर्ड कधीही न विचारण्याचा पर्याय देता येतो. तो दिल्यास आज्ञा ताबडतोब अयशस्वी होते, व स्वयंचलित कामात हीच वर्तणूक इष्ट होय.

वाटेत रूप बदललेला पासवर्ड

सुरक्षिततेसाठी पासवर्डमध्ये विशेष चिन्हे असावीत, असा संकेत रूढ आहे. परंतु प्रत्येक चिन्हाला कोणत्या ना कोणत्या फाईलीत निराळा अर्थ असतो. क्रॉनटॅबमध्ये % हे चिन्ह नव्या ओळीचे द्योतक मानले जाते. त्याच्यापुढील सर्व मजकूर आज्ञेचा भाग न राहता तिला निविष्टी म्हणून पुरवला जातो, त्यामुळे % असलेला पासवर्ड त्या ओळीत लिहिल्यास आज्ञा तेथेच तुटते. मायएसक्यूएलच्या पर्याय-फाईलीत # पासून पुढचा भाग टिप्पणी समजला जातो. पासवर्ड अवतरणचिन्हांत नसल्यास तो अर्धाच वाचला जातो व 'यूझिंग पासवर्ड : यस' असे लिहून येते. शेलमध्ये दुहेरी अवतरणातील $ चा अर्थ व्हेरिएबल असा लावला जातो. डॉट-पीजीपासमध्ये यजमान, पोर्ट, डेटाबेस, वापरकर्ता आणि पासवर्ड हे पाच रकाने विसर्गासारख्या दिसणाऱ्या : या चिन्हाने विभागलेले असतात, म्हणून पासवर्डमधील : आणि \ यांच्याआधी \ लिहिणे आवश्यक असते. जोडणीचा पत्ता यूआरआय स्वरूपात दिल्यास @ आणि / यांना टक्के-संकेतनात रूपांतरित करावे लागते.

यावर उपाय म्हणून काही प्रशासक बॅकअप-खात्यांसाठी केवळ अक्षरे व अंक असलेले, मात्र लांब पासवर्ड यदृच्छेने निर्माण करतात. असा पासवर्ड माणसाने लक्षात ठेवायचा नसल्याने तो ३० किंवा ४० अक्षरांचा असण्यास अडचण नसते, आणि लांबीमुळे मिळणारे बळ चार विशेष चिन्हांपेक्षा अधिक असते.

न दिसणारी चिन्हे याहून त्रासदायक असतात. पासवर्ड स्वतंत्र फाईलीत ठेवताना 'एको' ही आज्ञा शेवटी नव्या ओळीचे चिन्ह जोडते. काही आज्ञावल्या ते काढून टाकतात, काही त्याला पासवर्डचाच भाग समजतात. विंडोजवर तयार केलेल्या फाईलीत ओळीच्या अखेरीस दोन चिन्हे असतात, तर काही संपादक फाईलीच्या आरंभी बाइट-क्रम दर्शवणारी खूण घालतात. अशी फाईल पडद्यावर निर्दोष दिसते. बाइटनिहाय पाहिल्यावरच दोष उघड होतो.

देवनागरीतील पासवर्डबाबत आणखी एक अडचण संभवते. मराठीतील 'ऱ' हे अक्षर युनिकोडमध्ये एकाच संकेतांकाने लिहिता येते, तसेच 'र' आणि नुक्ता अशा दोन संकेतांकांनीही लिहिता येते. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, परंतु त्यांचे बाइट भिन्न असतात. आज्ञावलीने दोहोंचे प्रमाणीकृत रूप करून घेतले नाही, तर एका कळफलकावर निश्चित केलेला पासवर्ड दुसऱ्या कळफलकावरून टंकित केल्यावर चुकीचा ठरतो. सर्व्हरच्या कामासाठी रोमन अक्षरांचा आग्रह धरला जातो, त्यामागे हे एक व्यावहारिक कारण आहे.

डॉट-पीजीपासमध्ये पहिली जुळणारी ओळ वापरली जाते, सर्वांत नेमकी ओळ नव्हे. वरच्या ओळीत सर्व डेटाबेसना लागू होणारे * असल्यास खाली लिहिलेल्या विशिष्ट नोंदी कधीच वाचल्या जात नाहीत. फाईलीच्या शेवटी नवी ओळ जोडूनही जुनाच पासवर्ड जात राहतो, तो यामुळे.

अचूक पासवर्ड असूनही नकार

मायएसक्यूएलच्या ५.७.४ ते ५.७.१० या आवृत्त्यांमध्ये प्रत्येक पासवर्डची मुदत मूलतः ३६० दिवस ठेवलेली होती. यांतील ५.७.९ ही सर्वसाधारण वापरासाठी जाहीर झालेली पहिली आवृत्ती ऑक्टोबर २०१५ मध्ये आली. त्या आवृत्त्यांवर उभारलेल्या सर्व्हरवरील बॅकअप-खाती, कोणी काहीही न बदलता, वर्षभराने एकाएकी नाकारली जाऊ शकत होती. माणसाला अशा वेळी नवा पासवर्ड देण्याची संधी मिळते. स्वयंचलित जोडणी मात्र तोडली जाते. ५.७.११ पासून ही मूळ मुदत शून्य, म्हणजे अमर्याद करण्यात आली. पोस्टग्रेसक्यूएलमध्येही खात्याच्या पासवर्डला अंतिम तारीख देता येते आणि ती उलटल्यावर बाहेर चुकीच्या पासवर्डचाच संदेश दिसतो.

प्रमाणीकरणाची पद्धत बदलल्यानेही असेच घडते. २०१८ मध्ये आलेल्या मायएसक्यूएल ८.० ने नव्या खात्यांसाठी वेगळी मूळ पद्धत स्वीकारली, व ती न समजणाऱ्या जुन्या बॅकअप साधनांना नव्या खात्यांत प्रवेश मिळेना. पोस्टग्रेसक्यूएलने २०१७ मधील १० व्या आवृत्तीत 'स्क्रॅम' ही पद्धत आणली आणि १४ व्या आवृत्तीपासून ती मूळ पद्धत ठरवली. येथील अडचण जरा सूक्ष्म आहे. सर्व्हरच्या प्रवेश-नियमांत स्क्रॅम अनिवार्य केले, परंतु एखाद्या खात्याचा हॅश पूर्वीच्या एमडी५ पद्धतीनेच साठवलेला राहिला, तर अचूक पासवर्डही नाकारला जातो. हॅशवरून नवा हॅश काढता येत नसल्याने त्या खात्याचा पासवर्ड पुन्हा निश्चित करावा लागतो. तोच शब्द पुन्हा दिला तरी चालतो. सर्व्हरच्या लॉगमध्ये त्या वापरकर्त्याकडे वैध स्क्रॅम नोंद नाही, असे स्पष्ट लिहिलेले असते. ओपनएसएसएचच्या ८.८ आवृत्तीने (सप्टेंबर २०२१) आरएसए किल्ल्यांची एसएचए-१ वर आधारित स्वाक्षरी मूलतः बंद केली. नवी स्वाक्षरी-पद्धत न जाणणाऱ्या जुन्या संगणकांशी व साठवण-यंत्रांशी जोडलेले बॅकअप त्यामुळे किल्ली न बदलताही थांबले.

मायएसक्यूएलमध्ये खाते हे वापरकर्त्याचे नाव आणि तो जेथून येतो तो यजमान या जोडीने ठरते. एकाच नावाची, पण दोन यजमानांसाठी असलेली खाती स्वतंत्र असतात व त्यांचे पासवर्डही वेगळे असू शकतात. बॅकअप दुसऱ्या यंत्रावर हलवला, तर नाव व पासवर्ड तेच राहूनही तो वेगळ्या खात्यावर जाऊन पडतो. काही त्रुटी तर पासवर्डच्या केवळ भासतात. ५.७.३१ आणि ८.०.२१ पासून 'मायएसक्यूएल-डम्प' या आज्ञेला टेबलस्पेसची माहिती घेण्यासाठी 'प्रोसेस' हा अधिकार लागतो. तो नसल्यास येणारा संदेशही 'ॲक्सेस डिनाइड' या शब्दांनीच सुरू होतो, त्यामुळे पुष्कळजण पासवर्ड तपासत बसतात.

सर्वांत फसवा प्रकार खाते कुलूपबंद होण्याचा आहे. पासवर्ड बदलल्यावर जुनी प्रत बाळगणारी बॅकअप सेवा दर काही मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करते. ठरावीक चुकीच्या प्रयत्नांनंतर डिरेक्टरी सेवा ते खाते बंद करते, आणि त्यानंतर योग्य पासवर्डही चालत नाही. प्रशासक खाते पुन्हा उघडतो, काही मिनिटांत ते परत बंद होते. असे चक्र दिसल्यास पासवर्डऐवजी जुनी प्रत कोणत्या यंत्रावर राहिली आहे, ते शोधावे लागते.

विंडोजवरील विशेष बाबी

विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये वापरकर्ता उपस्थित नसतानाही काम चालवायचे असल्यास त्याचा पासवर्ड साठवून घेतला जातो. पासवर्ड न साठवण्याची खूण केल्यास काम चालते, पण त्याला केवळ स्थानिक साधनांपर्यंत पोहोचता येते. बॅकअप नेटवर्कवरील सामायिक फोल्डरमध्ये लिहायचा असेल तर तो नाकारला जातो, आणि कामाची सुरुवात यशस्वी झाल्याचे दिसत असल्याने कारण उमगत नाही. त्या खात्याला 'बॅच जॉब म्हणून प्रवेश' हा अधिकारही असावा लागतो.

विंडोज २००० पासून उपलब्ध असलेल्या 'डीपीएपीआय' या सोयीने अनेक आज्ञावल्या पासवर्ड कूटबद्ध करतात. तिची किल्ली वापरकर्त्याच्या खात्याशी किंवा यंत्राशी निगडित असते. पॉवरशेलमधून सुरक्षित पासवर्ड फाईलीत निर्यात केल्यास तो सामान्यतः त्याच वापरकर्त्याला त्याच संगणकावर उलगडता येतो. प्रशासकाने आपल्या खात्यातून तयार केलेली अशी फाईल सेवा-खात्याने चालणारे काम वाचू शकत नाही. फाईल सेवा-खात्याच्या ओळखीनेच तयार करणे हा यावरील सरळ उपाय होय. यंत्राशी निगडित किल्लीचा परिणाम आपत्तीनंतर दिसतो. जुना सर्व्हर जळाल्यावर नव्या यंत्रावर बॅकअप आज्ञावलीची मांडणी परत आणली, तरी तीत साठवलेले पासवर्ड उलगडत नाहीत आणि ते सर्व पुन्हा भरावे लागतात.

निदानासाठी विंडोजच्या सुरक्षा-लॉगमधील ४६२५ क्रमांकाची नोंद उपयुक्त असते. तीतील उप-स्थितीचा संकेतांक खाते अस्तित्वात नसणे, पासवर्ड चुकीचा असणे, मुदत संपणे व खाते कुलूपबंद असणे यांत फरक करतो. ४७४० क्रमांकाच्या नोंदीत खाते कोणत्या संगणकावरून आलेल्या प्रयत्नांमुळे बंद झाले, त्याचे नाव मिळते.

निदानाची पद्धत

आज्ञा हाताने चालवून पाहणे पुरेसे नसते. ती त्याच खात्याने, त्याच शेलमधून आणि तितक्याच तुटपुंज्या वातावरणात चालवावी लागते. युनिक्स-सदृश प्रणालींवर सर्व व्हेरिएबल पुसून, केवळ होम डिरेक्टरी व आज्ञा-मार्ग देऊन 'एसएच' सुरू केल्यास क्रॉनची स्थिती बरीचशी साकारता येते. क्रॉनमधूनच एकदा तत्कालीन व्हेरिएबल फाईलीत लिहून घेणे याहून खात्रीचे असते. मात्र त्या यादीत पासवर्डही येऊ शकतो, म्हणून ती फाईल नंतर नष्ट करणे आवश्यक आहे. शेल प्रत्येक आज्ञा छापून दाखवतो, त्या शोधन-अवस्थेतही हाच धोका असतो.

पासवर्ड थेट आज्ञेत लिहून चाचणी घेण्याचा मोह टाळणे श्रेयस्कर ठरते. आज्ञेचे घटक त्याच यंत्रावरील इतर वापरकर्त्यांना प्रक्रियांच्या यादीत दिसू शकतात आणि शेलच्या इतिहासातही राहतात. शिवाय अशी चाचणी यशस्वी झाली, तरी तिच्यातून फाईलीविषयी काहीच सिद्ध होत नाही. खाते कुलूपबंद होण्याचा संभव असेल तर नियोजित काम थांबवूनच चाचण्या घेतल्या जातात. सर्व्हरच्या लॉगमध्ये प्रयत्नाची नोंदच दिसत नसेल, तर आज्ञा भलत्याच सर्व्हरशी किंवा पोर्टशी जोडू पाहत आहे, अथवा सर्व्हरपर्यंत पोहोचतच नाही, असा निष्कर्ष निघतो.

निःशब्द अपयश

पासवर्डचा बिघाड तातडीने कळला तर त्याची हानी एका रात्रीच्या बॅकअपपुरती असते. तो न कळण्याची काही ठरावीक कारणे आहेत. डेटाबेसची प्रत काढणारी आज्ञा पाइपने 'जीझिप'ला जोडलेली असल्यास शेल शेवटच्या आज्ञेचा निकाल ग्राह्य धरतो. पहिली आज्ञा पासवर्डअभावी बंद पडते, जीझिपला रिकामी निविष्टी मिळते आणि तो विनातक्रार २० बाइटची वैध फाईल तयार करतो. काम यशस्वी म्हणून नोंदले जाते, फाईलीवर त्या दिवसाची तारीखही असते. बॅश शेलमधील 'पाइपफेल' हा पर्याय यावर उपाय आहे. परंतु डेबियन व उबंटूवर क्रॉनचा 'एसएच' म्हणजे डॅश हा शेल असून त्याच्या दीर्घकाळ वापरात असलेल्या आवृत्त्यांमध्ये हा पर्याय नाही, त्यामुळे कामाचा शेल कोणता हे स्पष्ट लिहावे लागते.

याला जुन्या प्रती पुसण्याच्या नियमाची जोड मिळाली की हानी वाढते. १४ दिवसांपेक्षा जुन्या फाईली पुसणारी आज्ञा नव्या फाईली उपयुक्त आहेत की रिकाम्या, हे पाहत नाही. पंधरवड्यात शेवटची चांगली प्रतही नाहीशी होते. म्हणून पुसण्याची आज्ञा नव्या प्रतीची पडताळणी झाल्यावरच चालावी, अशी रचना केली जाते.

निःशब्द अपयशाचे बहुचर्चित उदाहरण गिटलॅब या संकेतस्थळाचे आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी तेथे मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी चुकून पुसली गेली. त्यानंतर पीजी-डम्पने घेतलेल्या प्रती अस्तित्वातच नसल्याचे आढळले. कारण पासवर्डचे नव्हते, सर्व्हर ९.६ आवृत्तीचा असताना ९.२ आवृत्तीची आज्ञा चालवली जात होती आणि ती त्रुटी देऊन थांबत होती. अपयशाची सूचना देणारे ईमेल पाठवले जात होते, पण पाठवणाऱ्याच्या प्रमाणीकरणातील दोषामुळे ते स्वीकारणाऱ्या सर्व्हरकडून नाकारले जात होते. अखेर काही तास आधी अन्य कारणासाठी घेतलेल्या प्रतीवरून सेवा पूर्ववत करण्यात आली व सुमारे ६ तासांतील नोंदी कायमच्या गेल्या. गिटलॅबने हा वृत्तान्त स्वतःहून प्रसिद्ध केला.

अपयशाची सूचना पाठवणारी यंत्रणा स्वतःच बंद पडू शकते, म्हणून उलट पद्धत वापरली जाते. बॅकअप यशस्वी झाल्यावर तो एका स्वतंत्र सेवेला कळवतो आणि ठरलेल्या वेळेत असा निरोप न आल्यास ती सेवा इशारा देते. यात मौन हेच धोक्याचे लक्षण मानले जाते.

साठ्याचा पासवर्ड

रेस्टिक व बोर्ग यांसारखी मुक्त साधने बॅकअप कूटबद्ध करून ठेवतात. रेस्टिकचा पासवर्ड हरवल्यास साठ्यातील माहिती कायमची गमावली जाते. निर्मात्यांकडेही दुसरा मार्ग नसतो. गंमत अशी की, रोजचा बॅकअप चालू असेपर्यंत हा धोका दिसत नाही, कारण पासवर्ड सर्व्हरवरील फाईलीत असतो व आज्ञावली तो बिनचूक वाचत असते. सर्व्हर नष्ट झाला की फाईलही नष्ट होते आणि प्रती सुरक्षित असूनही उघडता येत नाहीत. पासवर्ड एखाद्या पासवर्ड-व्यवस्थापकात असेल, पण तो व्यवस्थापक त्याच सर्व्हरवर चालत असेल, तर किल्ली तिजोरीच्या आत राहिल्यासारखे होते.

बोर्गमध्ये किल्ली साठ्यातच ठेवण्याची आणि ती स्थानिक यंत्रावर वेगळ्या फाईलीत ठेवण्याची, अशा दोन पद्धती आहेत. दुसऱ्या पद्धतीत परवलीचे वाक्य आठवत असूनही किल्लीची फाईल नसेल तर काहीच करता येत नाही. तिची निर्यात करून, आवश्यक तर कागदावर छापून, अन्यत्र ठेवण्याची सोय बोर्गमध्ये आहे. रेस्टिकमध्ये एकाच साठ्याला अनेक पासवर्ड जोडता येतात; एक सर्व्हरवर व दुसरा कार्यालयाबाहेर मोहोरबंद ठेवणे त्यामुळे शक्य होते. सिस्टिमडीच्या २५० व्या आवृत्तीपासून सेवांचे पासवर्ड कूटबद्ध करून टीपीएम या सुरक्षा-चिपशी बांधता येतात. चोरीपासून हे चांगले संरक्षण आहे, मात्र मदरबोर्ड बदलल्यास तो पासवर्ड परत मिळत नाही, म्हणून त्याची एक प्रत बाहेर असणे बंधनकारक ठरते.

सुरक्षितता व पर्याय

बॅकअप सर्व्हरवर संस्थेतील अनेक यंत्रांचे पासवर्ड एकत्र आलेले असल्याने तो हल्लेखोरांचे आवडते लक्ष्य असतो. मार्च २०२३ मध्ये वीम कंपनीने आपल्या बॅकअप आज्ञावलीतील एका दोषावर दुरुस्ती प्रसिद्ध केली. त्या दोषामुळे प्रवेश न करताच मांडणीच्या डेटाबेसमधील कूटबद्ध पासवर्ड मिळवता येत होते. खंडणीखोर टोळ्यांनी पुढे त्याचा वापर केला.

पासवर्डच टाळणे हा काही ठिकाणी उत्तम पर्याय ठरतो. बॅकअप डेटाबेसच्याच यंत्रावर चालत असेल तर पोस्टग्रेसक्यूएलची 'पीअर' पद्धत व मायएसक्यूएलमधील सॉकेट-प्रमाणीकरण कार्यप्रणालीतील खात्यावरून ओळख पटवतात. साठवायला काही उरत नाही. विंडोज सर्व्हर २०१२ पासून गट-व्यवस्थापित सेवा-खाती उपलब्ध आहेत. त्यांचा पासवर्ड डोमेनच निर्माण करतो, मूलतः दर ३० दिवसांनी बदलतो, आणि अधिकृत यंत्रांना तो आपोआप मिळतो. मात्र वापरातील बॅकअप आज्ञावलीने अशा खात्यांना पाठिंबा दिलेला असणे आवश्यक असते.

पासवर्ड ठरावीक काळाने बदलण्याची सक्ती हे साठवलेल्या प्रती कालबाह्य होण्याचे मोठे कारण आहे. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक-संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शिकेत वापरकर्त्यांवर नियतकालिक बदलाची सक्ती करू नये, पासवर्ड फुटल्याचा पुरावा असेल तेव्हा तो बदलावा, अशी शिफारस केली. तरीही अनेक संस्थांच्या नियमांत ही सक्ती कायम आहे. अशा ठिकाणी बदलाच्या क्षणी बॅकअप खंडित होऊ नये म्हणून मायएसक्यूएल ८.०.१४ पासून एका खात्याला एकाच वेळी जुना व नवा असे दोन पासवर्ड ठेवण्याची सोय आहे. नवा पासवर्ड सर्व यंत्रांवर पोहोचल्याची खात्री झाल्यावर जुना रद्द केला जातो. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये समान अधिकारांची दोन खाती ठेवून ती आलटूनपालटून वापरली जातात. एक खाते वापरात असताना दुसऱ्याचा पासवर्ड बदलला जातो, आणि त्या दुसऱ्या खात्याने घेतलेला बॅकअप तपासून झाल्यावरच पहिले खाते बंद केले जाते.